दिला, घेतला

मला कोणाचीही नक्कल करता येते. फुशारकी नाय, रोह्यात कोणालाही विचारा. तोंडात पान धरून, हनुवटी वर करून गाडी लेट आहे सांगणारा स्टेशनवरचा बाबू, गणपतीच्या मिटिंगमध्ये नाकातून बोलणारे आमचे अध्यक्ष, 'नाय जमणार' म्हणायच्या आधी आभाळाकडं बघणारा पुलापलीकडच्या अष्टमी गावचा रिक्षावाला, सगळे माझ्या घशात राहतात. लग्नाला मला बोलवतात ते जेवायला कमी आणि नकला करायला जास्त. एकट्या अष्टमकर सरांची नक्कल मला जमली नाय, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाय.

नकलेला धरायला काहीतरी लागतं. एखादा खोकला, एखादी खोड, बोलताना उडणारा खांदा. या माणसाला धरायला काय नव्हतंच. उंच, वाळका, पांढरा शर्ट, रबरी चपला, काखेत छत्री, ती उन्हाळ्यातसुद्धा. आवाज असा सपाट की वाटावं भिंतीला टेकून ठेवलेली फळी बोलतेय. आणि तरी हा माणूस वर्गात शिरला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसायची. मी शिरलो की हसायची. सुरुवातीला मला वाटायचं, हसणं म्हणजे जिंकणं. पेणच्या शाळेतल्या पहिल्या दिवशीच ते डोक्यातून उतरलं.

झालं असं, की बी.एड. झाल्याझाल्या मला पेणला नोकरी लागली. मराठी शिकवायचं, स्काउट बघायचं, आणि गॅदरिंग आलं की सगळं माझ्या गळ्यात. राहायला रोह्याला, म्हणून रोज सकाळची शटल. तेव्हा रोहा हे रेल्वेचं शेवटचं टोक होतं. पुढं कोकणात रूळ टाकायचं काम चालू होतं, आणि गाडी रोह्याला यायची, तोंड फिरवायची, परत जायची. पहिल्या दिवशी मला सोडायला मामा स्टेशनवर आला. मिशी फुटलेला घोडा मी, पण आई म्हणाली होती, "पहिला दिवस आहे, सोडून ये त्याला."

डब्याच्या दारात छत्रीवाला उभा होता. त्याने मामाला विचारलं, "पेणच्या शाळेत नवीन लागलाय, तो हाच का?"

"व्हय," मामा म्हणाला.

"मग द्या." आणि हात पुढं केला.

मामाला काय कळलं नाय, पण समोरून हात आला की त्यात काहीतरी ठेवायचं एवढं माणसाला कळतं. त्याने माझं मनगट उचललं आणि त्या हातात ठेवलं.

"दिला म्हणा."

"दिला," मामा म्हणाला.

"घेतला," असं म्हणून त्या माणसाने मला डब्यात ओढलं, खिडकीशी बसवलं आणि स्वतः पेपर वाचत बसला. पेणला उतरल्यावर पुन्हा माझं मनगट. शाळेत गेल्यावर थेट हेडमास्तरांच्या टेबलापुढं. "रोह्याच्या स्टेशनवर मामाकडून घेतला होता. दिला." हेडमास्तरांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं, गंभीरपणे म्हणाले, "घेतला." आणि आख्खी स्टाफरूम फुटली. शिपाईसुद्धा हसत होता. स्टाफरूमला हसवायचा प्लॅन त्या दिवशी माझा होता. आदल्या दिवशी मी आरशासमोर तयारी केली होती. ती सगळी वाया गेली, कारण माझ्या पहिल्या एंट्रीचा विनोद दुसऱ्याच माणसाने केला, तोही न हसता. माझं जळणं तिथून सुरू झालं.

हा दिला-घेतलाचा प्रकार खरा कासूच्या पोरांसाठी होता. वाटेतल्या कासू स्टेशनावरून पाचवी ते आठवीची बरीच पोरं पेणच्या शाळेत यायची. सकाळी गाडी कासूला थांबली की अष्टमकर सर आधी उतरणार. प्लॅटफॉर्मवर आया, आज्या, एखादा रात्रपाळी करून आलेला बाप. प्रत्येकाने पोराचा हात सरांच्या हातात द्यायचा, "दिला" म्हणायचं, सरांनी "घेतला" म्हणायचं, पोरगं डब्यात. संध्याकाळी उलटं. सर उतरणार, हात देणार, "दिली", समोरून "घेतली". गाडी तिथं जेमतेम थांबायची, पण गार्डला हे माहीत होतं. शेवटचं "घेतला" ऐकल्याशिवाय तो शिट्टी मारायचा नाय. एखाद्या पोराला न्यायला कोणी आलं नसेल तर सर परत गाडीत चढायचेच नाय. पोराबरोबर तिथंच थांबायचे. मग बाप, काका, कोण ते उगवल्यावर द्यायचे, हायवेवर चालत जायचे आणि मिळेल त्या टेंपोने नागोठणं, तिथून एसटीने रोहा. घरी अष्टमीला त्यांची बायको, सरूबाई, ताट झाकून ठेवायची.

"सर, हे कशाला?" मी एकदा विचारलं. "पोरं काय दुधखुळी आहेत?"

"स्टेशनात तांदळाची गोणी टाकली तर सही घेतात," सर म्हणाले. "पोराची कोण घेत नाय."

एवढंच. पुढं भाषण नाय. मला भाषण करणारी माणसं आवडतात, त्यांची नक्कल करता येते.

सर आमच्याकडच्या यहुद्यांपैकी. पूर्वी अष्टमीला, रोह्याला, आसपासच्या गावांत त्यांची बरीच घरं होती. मी बघितलं तेव्हा बहुतेक घरांना कुलूप लागलेलं, माणसं इस्रायलला गेलेली. सर भूगोल शिकवायचे. नकाशावर तो देश दाखवताना बोट तिथं जरा जास्त वेळ थांबतं, असं पोरं म्हणायची. डब्यात आम्ही सोडे नाय तर कोलंबी काढली की सर हात आडवा करायचे, "खवले नायत, आमच्यात चालत नाय." रायगडात राहून कोलंबी न खाणारा माणूस. पण त्याच्यासाठी रोज कोणीतरी घरून बोंबील नाय तर पापलेट वेगळं आणायचं. माझ्यासाठी कोणी वेगळं काय आणलं नाय. मी सगळंच खातो, हीच माझी चूक.

त्या वर्षांत मास्तर लोकांना कायद्याची भीती नव्याने बसायला लागली होती. कुठल्या तरी शाळेत पोराला छडी मारली म्हणून पालक पोलिसात गेला, कुठं सहलीत पोरगं पाण्यात पडलं म्हणून बाईंना कोर्टात उभं राहावं लागलं, अशा गोष्टी स्टाफरूममध्ये फिरायच्या. पी.टी.च्या सरांनी लेझीम बंद केली, म्हणाले कोणाच्या डोक्याला लागलं तर. विज्ञानाच्या बाई ॲसिडची बाटली कपाटात आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये ठेवायच्या, आणि पोरांना रंग बदलतो कसा ते तोंडाने सांगायच्या. मग संस्थेने एका वकिलांना बोलावलं, शिक्षकांची जबाबदारी समजावून सांगायला. वकील गोरे, गुबगुबीत, प्रत्येक वाक्यानंतर टाय ओढायचे. त्यांची नक्कल मला पाच मिनिटांत आली.

"लक्षात ठेवा," वकील टाय ओढून म्हणाले, "गेटच्या आत आहे तोवर मूल शाळेचं. गेटच्या बाहेर पडलं की पालकांचं. तुम्ही बाहेर जाऊन प्रेमाने हात धरलात की ताबा तुमच्याकडे आला, आणि मग काय झालं तर हलगर्जीपणा तुमचा. प्रेम करा, पण गेटच्या आत करा."

सगळे हसले. मी हसलो. मागून सरांचा सपाट आवाज आला, "आणि गेटमध्ये?"

"म्हणजे?"

"एक पाय आत, एक पाय बाहेर. तसं उभं असलेलं पोरगं कोणाचं?"

वकिलांनी या वेळी टाय वाक्याच्या आधीच ओढला. मग म्हणाले, "तो तांत्रिक मुद्दा आहे." सर बसले. दुसऱ्या दिवशी मी वकिलांची नक्कल केली, चांगली झाली, पण सगळे मला मध्येच थांबवून म्हणाले, ते अष्टमकरांनी विचारलं ते सांग. माझ्या नकलेत मला त्यांचा प्रश्न घ्यावा लागला. म्हणजे टाळ्या कोणाला मिळाल्या, बघा.

शनिवारी सर यायचे नाय. त्यांच्या धर्मात तो सुट्टीचा वार. सोमवारी जास्तीचे तास घेऊन ते भरून द्यायचे, शाळेलाही सवय झाली होती. शनिवारी कासूची पोरं आयाच पेणपर्यंत पोचवायच्या, नाय तर पोरं घरी राहायची. मी म्हटलं, यात काय आहे, मी घेतो. एका शनिवारी कासूला गाडी थांबल्यावर मी उडी मारून उतरलो, पाठ वाकवली, काखेत नसलेली छत्री धरली, आणि जमेल तेवढा सपाट आवाज काढून म्हणालो, "द्या."

पोरं खिदळली. मला बरं वाटलं. समोर वंदीची आई होती. वंदी म्हणजे सहावीतली वंदना पाटील, चुळबुळी, गाडी थांबायच्या आधी दारात येणारी. आई हसली नाय. तिने पोरीचा हात घट्ट धरला.

"सर नाय आयलं आज?"

"शनिवार आहे ना. मी आहे की. द्या."

"नको," ती म्हणाली. "मीच येते पेणपरत." आणि पदर खोचून डब्यात चढली. पेणपर्यंत माझ्या समोर बसून होती, मांडीवर पोरीचा हात धरून. उतरताना म्हणाली, "राग नका मानू हां मास्तर. तुमी लय हसवताव." हे तिने माझ्या चांगल्यासाठी सांगितलं असेल. मला ते अजून आठवलं की कान गरम होतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सांगायला बसलो ती. सरांची लेक लग्न होऊन इस्रायलला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. सरूबाईला बाळंतपणाला तिकडं पोचायचं होतं, कायमचंच, आणि सरांशिवाय ती जाणार नव्हती. सर निवृत्तीला आले होते, सगळं ठरलं होतं. पासपोर्टची चौकशी रोह्याच्या पोलीस स्टेशनात येऊन पडली होती. सरूबाई रोज संध्याकाळी पुलावरून रोह्याच्या बाजूला यायची आणि स्टेशनवर सरांना पहिला प्रश्न तोच विचारायची, "आला का कागद?" मी मागून चालत ऐकायचो.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी कासूला सगळी पोरं दिली-घेतली झाली आणि वंदीला न्यायला कोणी नव्हतं. सर थांबले. गाडी आम्हाला घेऊन पुढं गेली. खिडकीतून मी बघितलं, सर आणि वंदी, हातात हात, छत्री उघडलेली, वर ऊन. पुढचं मला नंतर कळलं. वंदीचा बाप हिरामण, नागोठण्याच्या बाजूच्या कंपनीत शिफ्टला होता. बऱ्याच वेळाने तो रुळांच्या पलीकडं बांधावरून येताना दिसला, त्याने लांबून हाक मारली, आणि वंदीने सरांच्या हातातून हात हिसडून धाव घेतली. प्लॅटफॉर्मची कड, खाली खडी. हात मोडला. सरांनीच तिला उचललं, सरांनीच टेंपो थांबवला, पेणला दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत सरच उभे होते.

दुसऱ्या दिवशी हिरामणच्या थोरल्या भावाने पोलिसात तक्रार केली. भाऊ पंचायतीतला, त्याला असल्या गोष्टींत रस. मुलगी शिक्षकाच्या ताब्यात असताना शिक्षकाच्या हलगर्जीपणामुळे जखमी. हिरामणने अंगठा उठवला, कारण त्याला स्वतःच्या उशिराची लाज वाटत होती आणि लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो.

हेडमास्तरांनी मला आत बोलावलं. "मोरे, तुमची जीभ चालते. तुम्ही अष्टमकरांबरोबर जा. त्यांना एवढंच बोलायला लावा. शाळा सुटली होती, गेट बंद झालं होतं, मी माझ्या घरी जाणारा प्रवासी होतो. बस. खोटं काय आहे यात?"

खोटं काहीच नव्हतं. त्या एका वाक्यात शाळा सुटत होती, सर सुटत होते, पासपोर्ट सुटत होता. मी रिक्षात सरांना ते दोनदा म्हणून दाखवलं, एकदा हेडमास्तरांच्या आवाजात. ते बाहेर बघत होते. "सरूला काय सांगितलं नाय अजून," एवढंच म्हणाले.

पेणच्या पोलीस स्टेशनच्या बाहेर पोचलो तर आख्खा कासूचा प्लॅटफॉर्म तिथं. आया, आज्या, टेंपोवाला, सुट्टीवरचा गार्ड. नुसते उभे. आणि खरं सांगतो, मला त्या पोलीस केसचासुद्धा हेवा वाटला. माझ्यावर केस झाली असती तर फक्त आई आली असती, तीही ओरडायला.

फौजदार दमलेला, भला माणूस होता. "मास्तर, एकच प्रश्न. पडली तेव्हा मुलगी तुमच्या ताब्यात होती का?"

मी सरांच्या पायावर हळूच पाय ठेवला.

"होती," सर म्हणाले. "सकाळी घेतली होती. द्यायची राहिली होती."

"नीट ऐका. शाळा म्हणते तुम्ही प्रवासी होता. तुम्ही हो म्हणालात तर मला पुढं लिहावं लागेल. तुमचा पासपोर्टचा कागद रोह्याला पडलाय, ते मला माहिती आहे. केस झाली तर तो तिथंच पडून राहील."

"लेक वाट बघतेय," सर म्हणाले. "पण होती. माझ्या हातातूनच सुटली."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. एका शब्दासाठी हा माणूस बायकोचं, लेकीचं सगळं टांगून ठेवत होता. आणि त्याच वेळी मला हेही कळलं, की हा शब्द माझ्या तोंडून निघाला नसता. कोणाच्याही आवाजात.

मागं भिंतीला टेकून हिरामण उभा होता. तो पुढं आला. "सायेब, मी कवा आयलो ते लिवलंय काय त्याच्यात?"

"ते कशाला?"

"गाडी गेली. सगल्यांची पोरां घरा गेली. मी नव्हतो. शिफ्ट सुटली तवा टपरीवर बसलो, गप्पा मारत. माझी पोर यांचे हाताला धरून उभी व्हती. मी हाक मारली म्हणून पलाली. ह्ये लिवा."

"हिरामण, गप बस," भाऊ म्हणाला.

"तू गप. तू व्हतास काय तिथं?"

"हाक मारली तर पोर धावणारच," सर म्हणाले. "मी हात घट्ट धरायला हवा होता."

"नाय सर, मी टायमावर यायला हवा व्हता."

"तसं नाय, हिरामण."

"तसंच हाय."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. "प्लॅटफॉर्म रेल्वेचा, म्हणजे हद्दच माझी नाय. पोरगी शाळेची, तर शाळा म्हणते आमची नाय. मास्तर म्हणतो चूक माझी, बाप म्हणतो चूक माझी. मी एवढी वर्षं नोकरी केली, गुन्हा आपल्याकडं ओढून घ्यायला भांडणारी दोन माणसं आज बघितली. तक्रार कोणाची आहे मग?" त्याने भावाकडं बघितलं. भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला. "अपघात म्हणून नोंद करतो. चहा घ्या आणि घरी जा."

चहा आला. हिरामणने आपल्या कपातला अर्धा बशीत ओतून सरांना दिला. सरांचा स्वतःचा कप समोर भरलेला होता, तरी त्यांनी तो घेतला.

पोलिसांनी सोडलं, शाळेने नाय सोडलं. संस्थेने सरांना कारणे दाखवा नोटीस दिली आणि सगळ्यांसाठी सूचना काढली: गेटबाहेर कुठल्याही शिक्षकाने विद्यार्थ्याचा ताबा घेऊ नये, घेतल्यास शाळा जबाबदार नाय. शिपाई ती घेऊन वर्गावर्गात फिरला, आम्ही सह्या केल्या. सरांनीही केली, त्यांच्या त्या सरळ अक्षरात. मला वाटलं, संपलं. आतून जरा बरंही वाटलं. म्हटलं, आता हा माणूस आपल्यासारखा झाला, गाडीत बसेल, पेपर वाचेल, कासू आलं की खिडकीतून बघेल.

त्याच संध्याकाळी कासूला सर उतरले. "दिला." "घेतला." गार्डने वाट बघितली, मग शिट्टी.

हेडमास्तरांना कळायला वेळ लागला नाय. मी तेव्हा तिथंच होतो, गॅदरिंगचं काहीतरी विचारायला गेलो होतो. "अष्टमकर, तुम्ही सूचनेवर सही केलीत ना?"

"केली. शिक्षक म्हणून केली."

"मग कासूला हे काय चाललंय?"

"शाळा सुटल्यावर, गेट बंद झाल्यावर, गाडीत मी प्रवासी असतो," सर म्हणाले. "तुम्हीच मोरेंकडून सांगून पाठवलं होतं. प्रवाशाला सूचना लागू नाय. खोटं काय आहे यात?"

हेडमास्तर खोकले. त्यांचा खोकला मला हुबेहूब येतो, पण त्या दिवशीचा नाय येत, त्याच्या आत हसू दाबलेलं होतं. मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो आणि जळलो. शाळेने स्वतःला वाचवायला जे वाक्य बनवलं, जे मी रिक्षात दोनदा म्हणून दाखवलं, तेच या माणसाने उचलून शाळेलाच ऐकवलं. वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मला ते सुचलं नव्हतं. नोटीस तशीच फायलीत राहिली.

कागद आला. सरूबाईने अष्टमीच्या घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं, त्यांच्यात नवस फिटला की करतात. हिरामण आला होता, वंदी आली होती, प्लास्टर निघालेलं, हात जरासा वाकडा जुळलेला. ती सगळ्यांना तो अभिमानाने दाखवत होती. सर माझ्या ताटात पोहे वाढत म्हणाले, "मोरे, माझ्यामागं कासूची पोरं तुम्ही घेणार का? नाय म्हणालात तरी चालेल. वकिलाला विचाराल तर तो नायच सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल."

"बघू," मी म्हणालो. लगेच हो म्हणायची माझी इच्छा होती. कधीपासून हवं होतं ते मला. पण मागून मिळणं वेगळं आणि असं ताटात वाढून मिळणं वेगळं, नाय का. "माझ्याकडं देतील का ते?"

"ते तुम्ही बघा," सर म्हणाले. "मला काय पहिल्या दिवसापासून दिली नव्हती."

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

गेले त्या दिवशीही सकाळच्या शटलनेच गेले. पुढं मुंबई, तिथून विमान. सरूबाई खिडकीशी, पेट्या वर. कासूला गाडी थांबली, सर नेहमीसारखे उतरले. सगळ्यांनी पोरं दिली, सरांनी घेतली. शेवटचा हिरामण. त्याने वंदीचा हात दिला, आणि मग वंदीला सोडून सरांचंच मनगट धरलं. त्यांना खिडकीपर्यंत घेऊन गेला आणि तो हात आत सरूबाईच्या हातात ठेवला.

"बाय, दिलं सरांना."

सरूबाई रडायला लागलेली, तरी हसली. "घेतलं," म्हणाली.

प्लॅटफॉर्म हसला, गार्ड हसला. मी दारात उभा होतो. मोरे, मी मनात म्हणालो, तू विनोदी माणूस ना? मामाने तुला याच स्टाइलमध्ये दिला होता ना? मग हा विनोद कंपनीतल्या हिरामणला सुचतो आणि तुला नाय सुचत? शेवटच्या दिवशीसुद्धा मी मागंच राहिलो.

पेणला आम्ही उतरलो. सर दारात उभे राहिले, एकेका पोराचा हात माझ्या हातात, "दिला, दिली, दिला." मी पटापट घेत गेलो, गाडी सुटायला आली होती. शेवटची वंदी. गाडी हलली. मी वर बघितलं. सर हात हलवत नव्हते. निरोपाला माणसं हात हलवतात, हे दारातून वाकून बघत होते, कोण कोणाच्या हातात आहे ते. छत्री काखेत. पुलाच्या वळणाला गाडी गेली तरी ती पांढरी बाही दारातून आत गेली नाय.

वंदीचा तो वाकडा हात माझ्या हातात होता, मान मात्र गाडीकडं. मी म्हटलं, चला.

ती हलली नाय. "सर, तुमी बोललावच नाय."

"काय?"

"मला घेतलीत म्हणून."

सगळी पोरं थांबून माझ्याकडं बघत होती. मी घसा साफ केला. तो सपाट आवाज काढायचा प्रयत्न केला, शेवटचा. निघाला नाय. जो निघाला तो माझाच होता, जरा फाटलेला.

"घेतली," मी म्हणालो.

वंदीने क्षणभर विचार केला, मग मान वळवून शाळेच्या रस्त्याकडं केली.